खो मिळेपर्यंत

टक्.

"बाई, का वाजवलंत?"

"उठला की तो. फाउल झाला."

"फाउलला वाजवायचं नसतं हो. कितीदा सांगू?"

"मग वाजवायचं असतं कशाला?"

वृषालीनं कपाळावर हात मारला. तुफान मात्र खुशीत होता. पोत्यावरून उठून तो मागच्या खोलीच्या दारावर धावून गेला होता, दाराला पंजे मारून गुरगुरला होता, आणि 'टक्' ऐकल्यावर आता शेपूट हलवत बक्षीस घ्यायला परत आला होता. एकदा आवाज केला की खाऊ द्यायचाच, असा त्या शिकवणीचा नियम. वृषालीनं नाइलाजानं पनीरचा तुकडा त्याच्यापुढे धरला. म्हणजे मांजराच्या अंगावर धावून गेल्याबद्दल आमच्या कुत्र्याचा रीतसर सत्कार झाला, तोही माझ्या सासूबाईंच्या हस्ते.

मी पेपर तोंडासमोर धरून हसत होतो. बाईंना ते दिसलंच. "सुहासराव, पेपर उलटा नाही ना धरलेला?" त्या म्हणाल्या.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. सांगलीत विश्रामबागेकडे आमचं बैठं घर आणि मिरजेत माझं चष्म्याचं दुकान. सासूबाई इचलकरंजीच्या. तिथल्या मुलींच्या शाळेत त्यांनी आख्खी नोकरी खो-खो शिकवण्यात घालवली, आणि सुटीच्या दिवशी जिल्हाभर पंच म्हणून उभ्या राहिल्या. खराडे बाई म्हटलं की त्या भागातल्या कितीतरी बायका आजही पाठ ताठ करतील. वृषाली त्यांची एकुलती एक मुलगी, आणि त्याच शाळेतली. मैदानावर 'बाई' म्हणायची सवय लागली ती घरातही सुटली नाही. आईला अहो-जाहो करणारी मुलगी मी तोवर पाहिली नव्हती. लग्न झाल्यावर मीही बाईच म्हणू लागलो, दुसरं काही म्हणायची छातीच झाली नाही.

तर बाई घरात पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, कंबरेला मुका मार. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आता एकटं राहायचं नाही, पुन्हा पडलात तर उभं करणं अवघड जाईल. वृषाली गाडी घेऊन गेली आणि त्यांना घेऊन आली. गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात, एक बॅग, आणि झाकणाच्या टोपलीत ठकी.

ठकी म्हणजे बाईंची मांजर. तिरंगी, एक कान फाटका, आणि सगळं जग आपल्या मेहेरबानीवर चाललंय असा चेहरा. "ही येणार नसेल तर मीही येत नाही," असं बाईंनी इचलकरंजीतच सांगून टाकलं होतं.

आणि आमच्याकडे होता तुफान. कारवानी कुत्रा. जतकडच्या माळावर मेंढपाळ पाळतात ती जात, उंच, सडपातळ, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. पळणारं काहीही दिसलं की झेपावायचं, हे त्यांच्या रक्तातच असतं. वृषालीला तो पिल्लू असताना विट्याच्या रस्त्यावर पाय मोडलेला सापडला, आणि तिनं त्याला कापसानं दूध पाजून वाढवलं. आमच्या घरात तो जवळजवळ मुलाच्या जागी होता, हे सांगायला मला लाज वाटत नाही. पण आदल्या वर्षी त्यानं कंपाउंडच्या भिंतीवरून पळणारं एक मांजराचं पिल्लू तोंडात धरलं. आम्ही पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. वृषालीला कितीतरी दिवस जेवण गेलं नाही.

त्यामुळे ठकी मागच्या खोलीत, तुफान हॉलमध्ये, आणि मधलं दार कायम बंद. आमचं अर्धं आयुष्य "दार लावलं का" हे विचारण्यात जाऊ लागलं. आल्याच दिवशी बाईंनी निकाल देऊन टाकला. "प्लास्टर निघालं की मी माझ्या घरी. कुत्रं त्याच्या घरात आहे. पाहुणे आम्ही आहोत."

"बाई, एकटं राहायचं नाही म्हणालेत डॉक्टर."

"डॉक्टरला काय जातंय म्हणायला."

वृषालीनं वाद घातला नाही. पुण्यातल्या एका बाईंकडून ती फोनवर कुत्रं शिकवायची नवी पद्धत शिकत होती. त्यासाठी प्लास्टिकची एक डबीएवढी वस्तू मिळते, क्लिकर म्हणतात, अंगठ्यानं दाबलं की टक् वाजते. जनावरानं हवं ते केलं की त्याच क्षणी टक्, आणि लगेच खाऊ. मारायचं नाही, ओरडायचं नाही, चुकीकडे बघायचंसुद्धा नाही. टक् म्हणजे 'हेच, हेच हवं होतं.' मांजरंही शिकतात म्हणे. दोघांना शिकवू, दार उघडू, आणि बाई इथेच राहतील, असा तिचा बेत. क्लिकर तिनं मुद्दामच बाईंच्या डाव्या हातात दिला. नुसतं बसवून ठेवलं असतं तर बाई तिसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर दिसल्या असत्या.

आता गंमत बघा. बाईंची वेळ अशी अचूक की घड्याळ लाजेल. पण आयुष्यभर त्यांनी चूक दिसली की शिट्टी वाजवलेली. गडी आधी उठला, वाजव. रेषेवर पाय पडला, वाजव. नीट खेळतायत तोवर पंच गप्प. तुफान पोत्यावर शहाण्यासारखा बसलेला असताना बाई ढिम्म, आणि तो उठला रे उठला की टक्. आठवडाभरात त्याची पक्की समजूत झाली की मागच्या दारावर धडक मारणं हेच आपलं काम. वृषालीच्या नाकी नऊ आले.

एकदा ती चिडलीच. "तुम्हाला चांगलं दिसतच नाही का हो कधी?"

बोलून गेली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. बोलणं कुत्र्याबद्दल होतं. पण बाई बराच वेळ हातातल्या त्या क्लिकरकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानाला निघालो तर बाई पुढच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून रस्त्याकडे बघत बसलेल्या. हातात क्लिकर. मध्येच टक्. मग बराच वेळ काही नाही. पुन्हा टक्.

"काय चाललंय बाई?"

"सराव."

"कसला?"

"तो स्कूटरवाला बघा. वळायच्या आधी हात दाखवला त्यानं." टक्. "ती बघा, पोराला भिंतीच्या कडेनं घेतलंय, स्वतः गाडीच्या बाजूनं चालतेय." टक्. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "अवघड आहे सुहासराव. तो बिनहेल्मेटचा मला कोपऱ्यावरनं दिसतो. हात दाखवणारा निघून गेल्यावर दिसतो."

मी चष्मेवाला माणूस. ज्यांना दिसत नाही अशीच माणसं दिवसभर माझ्यासमोर बसतात, आणि सगळ्यांना वाटतं की काच बदलली की झालं. या वयात बसून नजर बदलायला निघालेलं माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. त्या दिवशी मला दुकानाला उशीर झाला. मी पायरीवर बसून बाईंबरोबर रस्ता बघत राहिलो.

रोज सकाळी हा कार्यक्रम. शेजारच्या पाटलीणबाईंनी वृषालीला हळूच विचारलं, "पडल्यात तेव्हा डोक्याला नाही ना लागलं?" बाईंनी तेही ऐकलं, आणि पाटलीणबाईंनी फाटक न आपटता लावलं म्हणून त्यांच्यासाठीही एक टक् वाजवलं.

आणि मग गाडी रुळावर आली. बाईंनी बसलेला तुफान बघायला सुरुवात केली. बसलाय, टक्. दाराकडे मान वळवली पण उठला नाही, टक्. आडवा झाला, टक्. पनीरचा खर्च वाढला आणि दारावरच्या धडका थांबल्या. आत ठकी तर पहिल्या दिवसापासून हुशार. लाकडी चमच्याला नाक लावलं की सुकट मिळते हे तिला लगेच कळलं, आणि मग ती चमचा शोधत खोलीभर फिरायला तयार.

पण मधल्या दाराच्या जागी वृषालीनं जाळीचं दार बसवून घेतलं आणि दोघं एकमेकांना दिसू लागली, तेव्हा नवीच पंचाईत. ठकीसाठी टक् वाजलं की तुफान उठायचा. आवाज एकच, त्याला वाटायचं खाऊ आपला. तो उठला की ठकी फिस्कारून कपाटावर. वृषालीनं पुण्याला फोन केला, तिकडून सल्ला आला की वेगवेगळ्या खोल्यांत शिकवा. वेगवेगळ्या खोल्यांतच ठेवायचं तर शिकवायचं कशाला, असं म्हणून वृषालीनं हात टेकले.

बाई जेवत होत्या. डाव्या हातानं चमचा धरून, सांडत, पण कुणाला भरवू द्यायच्या नाहीत. म्हणाल्या, "खो-खोत पळणारी एक, बसलेल्या आठ. तू शिकवताना काय करतेस? पळणारीकडं बघतेस."

"मग?"

"बसणंसुद्धा खेळच असतो. बसलेलीला वाटलं पाहिजे की मी खेळतेय. मग ती खो मिळेपर्यंत उठत नाही."

झालं. दुसऱ्या दिवसापासून आमचा हॉल मैदान झाला. बाईंनी नियम केला, आधी नाव, मग टक्. नाव म्हणजे खो. "ठकी," टक्, ठकीला सुकट. आणि लगेच, "तुफान," टक्, का, तर तू बसून राहिलास. काम ठकीनं केलं तरी बसल्याची मजुरी तुफानला मिळायचीच. नाव न घेता उठला तर रागावणं नाही, काही नाही, बाई नुसत्या छताकडे बघायच्या. ते छताकडे बघणं त्याला छडीपेक्षा लागायचं. काही दिवसांत तो ठकीचं नाव ऐकलं की उलट खाली बसायला लागला. त्याचं अंग थरथरायचं, डोळे तिच्यावरच, पण बूड पोत्यावर. रक्तातली झेप अंगात दाबून बसलेला तो उंच कुत्रा बघून माझाच जीव गलबलायचा.

तरी मध्ये जाळी होतीच, आणि तुफानच्या गळ्यातला पट्टा खिडकीच्या गजाला बांधलेला असायचा. जाळी उघडायचं धाडस कुणालाच होईना. ते पिल्लू आम्ही विसरलो नव्हतो.

प्लास्टर निघालं. दवाखान्यातून घरी आल्या आल्या बाईंनी बॅग काढली. "सोमवारी मी निघते."

"बाई, इतकं जमत आलंय."

"जमत आलंय म्हणजे जमलेलं नाही. एक दिवस दार उघडं राहील, आणि तू त्या कुत्र्याला आयुष्यभर माफ करणार नाहीस. मला ते नकोय."

"आणि तुम्ही तिकडे पडलात तर मी कुणाला माफ करू?"

बाईंनी साडीची घडी घातली. वृषाली बाहेर आली आणि मागच्या अंगणात जाऊन कुणाशीतरी फोनवर बोलली. मला म्हणाली, "अहो, अण्णाप्पांना बोलावलंय. रविवारी ते बाजाराला येतायत. तुफानला घेऊन जातील." अण्णाप्पा बिराजदार म्हणजे जतकडचे, माझं जुनं गिऱ्हाईक, मेंढरं आणि कारवानी कुत्री बाळगून असलेले. तुफानवर त्यांचा पहिल्यापासून डोळा होता.

"वृषाली, नीट विचार कर."

"आई एकच असते," ती म्हणाली. तिच्या तोंडून आई हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "बाईंना सांगू नका. आधी तो जाऊ दे."

रविवारी सकाळी अण्णाप्पांची जीप फाटकाशी आली. वृषालीनं तुफानचा पट्टा खिडकीचा सोडला, त्याला पोत्यावर बसवलं, आणि त्याचं भांडं नि चादर आणायला आत गेली. मी दार उघडलं. अण्णाप्पा पायरीवर येऊन मोठ्यानं म्हणाले, "कुठाय आमचा गडी? जीपमदी पोतं हातरून ठेवलंय बघा त्याच्यासाठी."

मागच्या खोलीत बाईंनी ते ऐकलं. त्या तशाच, हातातल्या क्लिकरसकट उठून जाळीचं दार ढकलून बाहेर आल्या. "कुत्रं कुठं चाललंय? कुणी सांगितलं?"

आणि त्यांच्या पायांमधून ठकी हॉलमध्ये आली.

अण्णाप्पा दचकले, त्यांच्या हातातली काठी फरशीवर पडली. खाडकन आवाज झाला, आणि ठकी जिवाच्या आकांतानं पळाली. हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, तुफानच्या नाकासमोरून. पळणारं मांजर, आणि पट्टा मोकळा. स्वयंपाकघराच्या दारात वृषाली हातात भांडं घेऊन उभी होती. मी हललोसुद्धा नाही, खोटं कशाला बोलू.

तुफान उठला. मागचे पाय ताणले गेले, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकला. तो उठला होता, म्हणजे चूक झाली होती, आणि बाईंचा डावा हात क्लिकरसकट वर गेलेला मला दिसला. आयुष्यभराची सवय ती. आता वाजणार, आणि त्याला वाटणार की हेच हवंय.

वाजलं नाही. बाई अंगठा तसाच धरून उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. तुफाननं ठकीकडे बघितलं, मग मान वळवून बाईंकडे बघितलं. त्याच्या नाकपुड्या फुलत होत्या. ठकी सोफ्याखाली शिरली. आणि तुफान, अंगभर कापत, हळूहळू, आधी मागचे पाय, मग कोपर, असा खाली बसला.

टक्.

"तुफान," बाई म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांचा क्रम चुकला होता. आवाज आधी झाला आणि नाव नंतर. पनीर आणायचंही भान कुणाला नव्हतं. बाई दुखऱ्या कमरेनं खाली फरशीवर बसल्या, नुकत्या सुटलेल्या उजव्या हातानं त्याचं डोकं छातीशी धरलं आणि "बसला रे माझा राजा, बसला," म्हणत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी पहिल्यांदा बघितलं मी.

अण्णाप्पांनी काठी उचलली. बराच वेळ कुत्र्याकडे बघून म्हणाले, "समोरून शिकार गेली आणि कारवानी बसलं? ह्ये मी माझ्या बाच्या काळापासनं बघितलं नाही. बिघडवलाय की ओ तुम्ही याला. मला काय उपयोग ह्याचा?" मग मऊ आवाजात, "तुमच्याकडंच राहू द्या. ह्याला इथलंच काम हाय." चहा पिऊन गेले बिचारे.

जीप गेल्यावर घर शांत झालं. ठकी सोफ्याखालून निघाली, पोत्याच्या कडेला येऊन तुफानचं शेपूट हुंगून गेली. तो जागचा हलला नाही. मी पट्टा पुन्हा गजाला बांधला, काही झालं तरी माझा अजून पूर्ण विश्वास नव्हता.

वृषाली स्वयंपाकघरात ओट्याशी पाठमोरी उभी होती. पनीर कापत होती, गरजेपेक्षा फारच बारीक. बाई भिंतीला धरत दाराशी गेल्या.

"माझ्यासाठी कुत्रं देऊन टाकणार होतीस."

"हो."

"मला न विचारता."

"हो."

मला वाटलं, आता वाजणार.

"कोल्हापूरची फायनल आठवते? दहावीतली?"

वृषालीची सुरी थांबली. त्या मॅचनंतर तिनं खो-खो सोडला होता एवढंच मला ठाऊक होतं. का सोडला, हे तिनं कधी सांगितलं नाही.

"आठवते," ती म्हणाली. "आपण हरलो. मी एकदा खो मिळायच्या आधी उठले. बसमध्ये सगळ्या पोरींसमोर तुम्ही तेवढंच बोललात. इचलकरंजी येईपर्यंत."

"त्याच्या आधी तू खांबावर सूर मारलास. त्यांची कॅप्टन बाद केलीस. गुडघा फुटला तुझा, रक्त आलं, आणि तू न थांबता पुढच्या पोरीला खो दिलास." बाईंचा आवाज बसला होता. "तसा सूर मी पुन्हा कुणाचा बघितला नाही. एवढ्या मॅचेस झाल्या. नाही बघितला."

वृषाली वळली नाही. "तेव्हा का नाही बोललात?"

"नीट चाललेलं असलं की पंच गप्प बसतो, एवढंच येत होतं मला."

कुकरची एक शिट्टी झाली. वृषालीनं पदरानं तोंड पुसलं आणि तशीच पाठमोरी, लहान मुलीच्या आवाजात विचारलं, "आणखी काय काय दिसलं होतं?"

"बरंच आहे. तू दुसरीत होतीस तिथपासून. सांगायला वेळ लागेल."

"मग राहा."

बाईंनी ओट्याखालचं स्टूल पायानं ओढलं, कंबर सांभाळत त्यावर बसल्या, आणि सांगायला लागल्या.